आरियदासाचं ताट

जहाज यायचं असलं की आमच्या तिस्स गावातले सगळे जीपवाले आदल्या दिवशी दाढी करतात. आरियदास दाढी तर करायचाच, वर जीपलाही शाम्पू लावायचा. बायकोचा शाम्पू. कुसुम अंगणातून ओरडायची, "मी थेंब थेंब पुरवून वापरते आणि तुमच्या त्या डबड्याला अर्धी बाटली!" तो जीपवरून हात न काढता म्हणायचा, "तुझे केस बघायला सुद्दे पाच हजार मैलांवरून येत नाहीत." सुद्दे म्हणजे गोरे पाहुणे. ते हंबनतोटाच्या बंदरात सकाळी उतरतात, जीपमधून जंगलात जातात, बिबट्या दिसला नाही म्हणून रुसतात आणि दुपारी चारच्या आत जहाजावर परत चढतात. चारला शिडी वर घेतली जाते. ती कुणासाठी थांबत नाही.

मी त्याचा शेजारी. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि त्यातला एकही विद्यार्थी आज माझ्याशी इंग्रजीत बोलत नाही. निवृत्त झाल्यावर घरात बसून बायकोच्या शिव्या खाण्यापेक्षा जहाजाच्या दिवशी आरियदासाच्या जीपमध्ये दुभाषा म्हणून बसायला लागलो. त्याला स्वतःला तीनच गोष्टी इंग्रजीत येत: लेपर्ड, एलिफंट आणि नो प्रॉब्लेम. बाकीचं मी बोलायचो, आणि तो जे बोलायचा त्यातलं निम्मं गिळायचो. कारण माणूस मनाने सोन्यासारखा असला तरी त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

त्याला एकच मुलगी, इनोका. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि दोन बाळं सातव्या महिन्यातच गेली होती. दुसरं गेलं तेव्हा आरियदास एकटाच कतरगमच्या देवळात गेला. देवापुढे उभा राहून त्याने नवस केला: तिसरं नीट जगात येऊ दे, ते जन्मायच्या आत माझ्या अंगणातल्या फळांचं ताट तुझ्या पायाशी आणून ठेवीन, त्यात विकतचं एकही फळ असणार नाही. घरी आल्यावर हे त्याने फक्त कुसुमला आणि मला सांगितलं. मी म्हटलं, "अरे, तुझ्या अंगणात दगड सोडून काय उगवतं?"

"उगवेल," तो म्हणाला.

घरात पाण्याचा पेलासुद्धा स्वतःच्या हाताने न घेणारा हा माणूस दोन वर्षं झाडांना पाणी घालत राहिला. केळी लावली, पपई लावली, डाळिंब लावलं. आंब्याचं एक म्हातारं झाड होतं, त्याला शेण घालून घालून पुन्हा तरुण केलं. अननसाला तर दीड वर्ष लागतं. त्या दीड वर्षात माकडांशी त्याचं उघड वैर झालं. एकदा एका माकडाच्या मागे तो गोफण घेऊन पळाला आणि माझ्या खिडकीची काच फोडली. मी काही बोललो नाही. इनोकाला तेव्हा तिसरा महिना होता.

आठवा भरत आला तसं तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. डॉक्टरांनी गुरुवारी सकाळी ऑपरेशन ठरवलं. म्हणजे बुधवारची संध्याकाळची पूजा ही शेवटची. बुधवार देवाचाच वार, सगळं जुळून आलेलं. फक्त त्याच बुधवारी जहाज होतं. एक जहाज चुकवलं की पाहुणे वाटून देणारा एजंट पुढच्या यादीतून नाव काढतो, हे सगळ्यांना ठाऊक. आरियदासाने बोटांवर हिशेब मांडला. साडेतीनला बंदर, पाचला कतरगम, साडेसहाला पूजा. "वेळच वेळ आहे, मास्तर," तो म्हणाला. पण ताट कुठे ठेवायचं? कुसुम दवाखान्यात, घर रिकामं, माकडं टपलेली. ताट जमिनीवर टेकवायचं नाही, त्याचा वास घ्यायचा नाही, उष्ट्या हाताचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. म्हणून ते जीपमध्येच आलं. कुसुमने पहाटे ते रचलं होतं: मधोमध अननस, भोवती आंबे, पपई, डाळिंबं, केळ्यांचा घड, एक नारळ, विड्याची पानं, लाल फुलांची माळ. वर पांढरं कापड. आरियदासाने ते पुढच्या सीटवर ठेवलं आणि त्याला सीटबेल्ट बांधला. मला मागे बसवलं.

"मास्तर, आठवडाभर मासा नाही ना खाल्ला? ताटाजवळ बसणार तुम्ही."

"छे! शिवलोसुद्धा नाही," मी म्हणालो.

खरं म्हणजे त्याच दिवशी पहाटे बहिणीने पाठवलेल्या आंबट माशाबरोबर मी नारळाच्या दुधात शिजवलेला भात चापला होता. पण म्हटलं, मला कुठे ताट उचलायचंय? ते आपलं सीटवर बसेल, मी आपला मागे. शाळेत इन्स्पेक्टर यायचे तेव्हापासून खोटं बोलायला मला फारसे कष्ट पडत नाहीत.

त्या दिवशी आमच्या वाट्याला तिघंच आले. उरलेल्या तिघांची पोटं जहाजावरच बिघडली होती. टेरी आणि ब्रेंडा हे इंग्लंडचं म्हातारं जोडपं, आणि हेल्मुट नावाचा एक उंच जर्मन, ज्याच्या कॅमेऱ्याची नळी आमच्या बंबाएवढी होती. ब्रेंडाबाई चढल्या चढल्या पुढच्या सीटकडे बघून म्हणाल्या, "अय्या, आमच्यासाठी जेवण आणलंत? किती गोड!"

आरियदासाला इंग्रजी येत नव्हतं, पण तिचा हात कुठे चालला होता ते दिसत होतं. त्याचा चेहरा पांढरा पडला. मी घाईघाईने सांगितलं, हे देवाचं आहे.

"सगळं?" टेरी म्हणाला. "एकटा खातो?"

हे मी आरियदासाला सांगितलं नाही.

सकाळ वाईट गेली. जंगलाच्या फाटकावर त्या दिवशी जनावरांचा माग काढणारे ट्रॅकर कमी पडले, आम्हाला मिळालाच नाही. मोर दिसले, पण मोर म्हणजे आमच्याकडे कावळे. म्हशी दिसल्या. टेरीने म्हशींची दखलसुद्धा घेतली नाही. तळ्याच्या काठावर एक मगर तोंड उघडं टाकून पडली होती. वीस मिनिटं ती हलली नाही, तेव्हा टेरी म्हणाला, "ही प्लॅस्टिकची आहे." हेल्मुटने एका वारुळाचे साठ-सत्तर फोटो काढले, बिबट्या म्हणून. मी त्याला खरं सांगणार होतो, पण तो इतका सुखात होता की धीर झाला नाही. टेरीच्या हातात जहाजावरचं रंगीत पत्रक होतं. दर दहा मिनिटांनी तो त्यावर बोट ठेवायचा. "यात बिबट्या आहे."

आरियदास म्हणाला, "त्याला सांगा, पत्रक बिबट्याने छापलेलं नाही."

मी सांगितलं, "तो म्हणतोय, जरा धीर धरा, साहेब."

बिबट्याच्या शोधात आम्ही उत्तरेकडे बरेच आत गेलो, कतरगमच्या अंगाला. काही मिळालं नाही. साडेबाराला आरियदासाने जीप बंदराच्या दिशेला वळवली. वाट अरुंद होती. एका बाजूला काटेरी झाडी, दुसऱ्या बाजूला तळ्याचा बांध. काळ्या खडकापाशी वळण घेतलं आणि समोर टॅक्स-महत्तया उभे.

महत्तया म्हणजे साहेब. हा एक बिनसुळ्यांचा दांडगा हत्ती. वाट अडवून उभा राहतो आणि काहीतरी खायला मिळाल्याशिवाय हलत नाही, म्हणून जीपवाल्यांनी त्याला हे नाव दिलेलं. आमच्या मागेपुढे एकही जीप नव्हती. सगळ्या दक्षिणेला गेल्या होत्या. नंतर कळलं, तिकडे बिबट्या निघाला होता.

पहिली पाच मिनिटं जीपमध्ये दिवाळी होती. हेल्मुट फोटोवर फोटो काढत होता. ब्रेंडाबाई म्हणाल्या, "बघा, तो हसतोय!" मग हसणाऱ्याने सोंड आत घातली आणि त्यांची पर्स उचलली. जहाजावरून खाणं खाली आणायला बंदी असते, पण बाईंनी नाश्त्याच्या टेबलावरून चार पाव आणि दोन उकडलेली अंडी पळवली होती. पाव गेले. अंडी त्याने थुंकून टाकली. पर्स पायाखाली घेतली. मग टेरीची गवती टोपी खाल्ली, सावकाश, काठापासून मधोमध. "तीस वर्षं वापरली ती," टेरी हळूच म्हणाला. एवढ्यावर भागलं असतं तर आम्ही आयुष्यभर हसत सांगितलं असतं.

मग वारा फिरला आणि त्याला अननसाचा वास आला.

सोंड पुढच्या सीटकडे वळली तसा आरियदास ताटावर पालथा पडला. अक्षरशः पालथा, दोन्ही हातांनी कडा धरून. सोंड त्याच्या पाठीवरून फिरली, कॉलरमध्ये गेली, शर्ट टरटर फाडत खाली आली. तो आजीने शिकवलेला हत्ती-बंधनाचा मंत्र ओरडून म्हणायला लागला. हत्तीने कान हलवत मंत्र पुरता ऐकला आणि पुन्हा सोंड आत घातली. जीप एका बाजूने उचलली गेली आणि धाडकन खाली आदळली. ब्रेंडाबाई किंचाळल्या. आरियदासाने गिअर टाकून वीस हात मागे घेतली. हत्ती वीस हात पुढे आला. पुन्हा मागे घेतली, पुन्हा तो आला. असं अर्धा तास चाललं. पुढे जायची सोय नव्हती आणि मागे जाऊन बंदर येणार नव्हतं.

"फळं देऊन टाका ना!" टेरी ओरडला. "आम्ही नवीन घेऊन देतो! दुप्पट!"

आरियदासाने मान न वळवता विचारलं, "काय म्हणतोय तो?"

"काही नाही."

"कळलं मला," तो म्हणाला. "मास्तर, हे मीच केलंय."

मला माहीत होतं. वीस वर्षांपूर्वी हा हत्ती पोरसवदा होता, लाजरा होता, जीप दिसली की झाडीत शिरायचा. आरियदासाने त्याला अननसाच्या साली टाकायला सुरुवात केली. हत्ती जवळ आला की पाहुणे टाळ्या वाजवायचे, आरियदासाची पाठ थोपटायचे. आज साल, उद्या केळं. वर्षभरात हत्ती वाटेवर येऊन थांबायला लागला आणि बाकीच्या जीपवाल्यांनीही तेच सुरू केलं. पण त्याला आजही सगळ्यात आधी ओळख पटायची ती आरियदासाच्या इंजिनाच्या खोकल्याची.

"मी चार चांगले शब्द ऐकावेत म्हणून याला भिकारी केला," आरियदास म्हणाला. "आता तो माझ्या नातवंडाच्या ताटावर आलाय. त्याची काय चूक?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्या खडकापाशी कधी कधी सिग्नलची एखादी कांडी येते. त्याने ताटावरून न उठता फोन कानाला लावला. कुसुमचा आवाज मागे मलाही ऐकू येत होता, तुटत तुटत. "कळा सुरू झाल्यात... उद्यापर्यंत थांबवत नाही म्हणतात... चार वाजता आत नेणार... तुम्ही पोचलात का? ताट ठेवलंत का?"

"वाटेत आहे," तो म्हणाला.

"लवकर करा हो! ती तुमचं नाव घेतेय..."

फोन गेला. तो पुन्हा लावत राहिला, लागला नाही. मग तो रडला. बावन्न वर्षांचा माणूस, गोऱ्या पाहुण्यांसमोर, फाटक्या शर्टाने, हुंदके देऊन रडला. ब्रेंडाबाईंनी मला विचारलं काय झालं, आणि यावेळी मी काहीही न गिळता सगळं सांगितलं. दोन गेलेली बाळं, नवस, चार वाजताचं ऑपरेशन. हत्ती टेरीच्या सीटखाली टोपीचे तुकडे हुडकत होता.

घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

आरियदास उठून बसला. तोंड पुसलं. मागे, आम्ही आलो त्या दिशेला, दीडदोनशे हातांवर एक पायवाट फुटते. आषाढात कतरगमला चालत जाणारे यात्रेकरू त्याच वाटेने जंगल ओलांडतात. नदीपर्यंत अडीच कोस, नदीपलीकडे देऊळ जवळच. त्याने वाटेकडे पाहिलं, हत्तीकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळला.

"मास्तर, याला गाडी नकोय, ताट हवंय. ताट ज्या दिशेला जाईल त्या दिशेला हा जाईल. तुम्ही ताट डोक्यावर घ्या आणि त्या वाटेने चाला. देवाचं ताट डोक्यावर असलेल्या निर्मळ माणसाला हत्ती शिवत नाही, माझ्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिलंय. वाट मोकळी झाली की मी यांना बंदरात पोचवतो. तुम्हाला गाडी येत नाही, नाहीतर मीच गेलो असतो. जाल ना? माझ्या इनोकासाठी जाल ना?"

इनोकाला मी शिकवलंय. पाटीवर हात धरून अक्षरं काढायला शिकवलंय. मला हत्तीची भीती वाटत होती, पण त्या क्षणी त्याहून मोठी भीती दुसरीच होती.

"मी सकाळी मासा खाल्ला," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. हत्तीने जीपच्या टपावर सोंड आपटली, तरी त्याने नजर काढली नाही.

"किती?"

"दोन तुकडे."

मी शिव्यांची वाट बघत होतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने फक्त किल्लीला हात लावला, ती जागेवर आहे ना बघितलं, आणि म्हणाला, "क्लच डावीकडे. पहिला गिअर वर. दुसरा लागला नाही तर राहू दे."

"आरियदास, तू गेलास तर... तो मारेल रे तुला."

"चार वाजता तिला आत नेणार आहेत, मास्तर."

त्याने चपला काढल्या. सीटबेल्ट सोडला, पांढरं कापड चारी बाजूंनी खोचलं आणि ताट डोक्यावर घेऊन मागच्या बाजूने उतरला. जंगलात जीपमधून पाय खाली ठेवायला सक्त मनाई आहे. ब्रेंडाबाई ओरडल्या, "त्याला परत बोलवा! परत बोलवा त्याला!" पण तो चालायला लागला होता, दोन्ही हातांनी ताट धरून, आणि चढ्या आवाजात म्हणत होता, "हरो हरा! हरो हरा!" कतरगमच्या वाटेवर लाखो माणसं म्हणतात तेच. एकट्याच्या तोंडी मी ते पहिल्यांदा ऐकलं, आणि ते ऐकवत नव्हतं.

हत्तीने सोंड बाहेर काढली. वर उचलून वास घेतला. मग तो आमच्या जीपला घासून मागे निघाला. आरसा मोडला, पत्रा चेपला. आम्ही सगळे खाली वाकलो होतो. मान वर केली तेव्हा पायवाटेच्या तोंडाशी पांढरं कापड दिसलं आणि त्याच्या मागे, चार हातांवर, हत्तीची पाठ. दोघं झाडीत शिरले. हरो हरा ऐकू येत राहिलं, मग तेही येईना.

मी हेल्मुटकडे पाहिलं. आयुष्यात पुन्हा मिळणार नाही असा फोटो त्याच्यासमोर होता. त्याने कॅमेरा मांडीवर पालथा घातला होता आणि हात जोडले होते.

मी चालवायला बसलो. पहिल्या गिअरमध्ये इंजिन भुंकायला लागलं, दुसरा काही लागेना. मैलभर गेल्यावर बॉनेटखाली धूर झाला तेव्हा मागून टेरीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, मी सव्वीस वर्षं बस चालवलीय."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलंच नाही."

त्याने जी जीप हाणली ती मी जन्मात विसरणार नाही. फाटकावरच्या रखवालदाराला मी ओरडून सगळं सांगितलं. त्याने वायरलेस उचलला, एवढंच मला दिसलं. बंदरात शिरलो तेव्हा चारला सात कमी होते. जहाजाच्या कठड्यावर शे-दोनशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती, त्यांना वाटलं काहीतरी खेळ आहे. ब्रेंडाबाईंनी माझे दोन्ही हात धरले. "त्याचं काय झालं, बाळाचं काय झालं, आम्हाला कळवा." मी हो म्हणालो. पत्ता घ्यायचं दोघांनाही सुचलं नाही. शिडी वर गेली.

दवाखान्यात कुसुम बाकावर बसली होती. "हे कुठायत?"

"ताट घेऊन गेलाय."

"एकटेच? गाडी कुणी आणली मग?"

"गोऱ्याने," मी म्हणालो. तिला पुढचं विचारायचं होतं आणि मला सांगायचं नव्हतं, तेवढ्यात आतून नर्स आली. चार वाजून वीस मिनिटांनी मुलगी झाली होती. पावणेदोन किलो. काचेच्या पेटीत ठेवलीय, श्वास घेतेय, रात्र काढली तर काढली. कुसुम जमिनीवर बसली आणि कतरगमच्या दिशेला डोकं टेकून म्हणाली, "पोचलं. ताट पोचलं." मी तिच्याशेजारी उभा होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे पांढऱ्या कापडामागे चार हातांवर चाललेली ती पाठ होती. पार्कातल्या माणसांना दर तासाला फोन केला. पायवाटेवर फुटक्या नारळाची करवंटी सापडली होती. माणूस सापडला नव्हता.

सकाळी पहिल्या बसने तो आला. अनवाणी, पायांत काटे, फाटका शर्ट, आणि डोक्यावर ताट. पांढरं कापड नीट खोचलेलं. कुसुम धावत गेली. त्याने विचारलं, "आहे?" तिने मान हलवली. तो भिंतीला टेकला.

देवापुढे ताट नेलं की पुजारी ते पडद्याआड नेतो, निम्मं ठेवून घेतो आणि निम्मं परत देतो. कुसुमने कापड उघडलं. केळी होती, खोबऱ्याचा तुकडा, कलिंगडाच्या दोन मोठ्या फोडी, लाल फूल. तिने फूल काचेच्या पेटीला लावलं, कलिंगडाचं पाणी इनोकाच्या कपाळाला लावलं, नर्सांना तुकडे वाटले. मलाही दिला. आरियदासाने घेतला नाही. मला बाहेर घेऊन गेला.

"मास्तर, मी काहीच दिलं नाही," तो म्हणाला.

हत्तीने त्याला मारलं नव्हतं, पण सोडलंही नव्हतं. मानेवर श्वास लागायला लागला की तो एक फळ मागे टाकायचा. हत्ती थांबून खायचा, तेवढ्यात हा शंभर पावलं पुढे. आधी केळी गेली. मग पपई, मग डाळिंबं, मग आंबे, मग नारळ. "अननस ठेवीन, अननस ठेवीन म्हणत होतो. दीड वर्ष लागतं हो त्याला." नदीच्या काठावर सोंड त्याच्या खांद्यावर आली तेव्हा अननसही गेला. त्याने नदी ओलांडली. हत्ती अलीकडेच राहिला. देवळाच्या घड्याळात पावणेपाच झाले होते आणि ताटात विड्याची पानं सोडून काही नव्हतं. पाकीट आणि फोन दोन्ही जीपमध्ये. पैसे असते तरी विकतचं चालणार नव्हतं.

"मग पूजेला कशाला थांबलास?"

"देवाला रिकामं ताट दाखवायला. म्हटलं, उशिरा आलोय आणि हात हलवत आलोय, काय करायचं ते माझं कर, तिचं करू नको. हे सगळं बोलायचं होतं. पण रांगेत ढकलाढकली. पुजाऱ्याने कापड उघडलंसुद्धा नाही, ताट उचललं आणि पडद्याआड नेलं. मी बाहेर नुसता उभा. आत सगळ्यांच्या ताटांचा एकच ढीग होतो ना, त्यातून त्याने माझं भरून दिलं." "मास्तर, मी कलिंगड लावलंच नव्हतं."

मी म्हटलं, "अरे, प्रसाद सगळ्यांचा असतो."

"प्रसाद सगळ्यांचा. नवस ज्याचा त्याचा. ते कुणाचं तरी होतं. त्याच्याही घरी कुणीतरी पडून असेल. ते कुसुमने माझ्या नातीच्या पेटीला लावलं. मी तिचा हात धरणार होतो, मास्तर. धरवला नाही."

आरियदासाची ती नात, सेतुमी, आता चार वर्षांची आहे. माझ्या खिडकीची नवी काच तिनेच फोडली. जंगलात पायी उतरला म्हणून आरियदासाला सहा महिने पार्कात बंदी झाली. ती उठल्यावर पुन्हा जीप चालवतो, पण फाटकावर पाहुण्यांच्या पिशव्या स्वतः तपासतो आणि एक केळं सापडलं तरी खाली उतरवायला लावतो. त्यावरून पाहुणे भांडतात, एजंट भांडतो. पूर्वीसारखं उलट उत्तर तो देत नाही. ताट रिकामं पोचल्याचं कुसुमला आजही माहीत नाही. तिच्या लेखी नवस फिटला.

दर महिन्याच्या एका बुधवारी तो भरलं ताट घेऊन कतरगमला जातो. अंगणात आता कलिंगडाचा वेल आहे. मीही जातो, आठवडाभर मासा न खाता. पडद्यापाशी पुजारी नेहमीप्रमाणे विचारतो, "कुणाच्या नावाने?" दरवेळी मागची रांग चुळबुळते, कारण आरियदासाला उत्तर द्यायला वेळ लागतो.

"नाव माहीत नाही, महत्तया," तो म्हणतो. "चार वर्षांपूर्वी ज्याचं ताट माझ्या घरी आलं, त्याच्या नावाने."

परत येताना बसमध्ये तो बाहेर बघत बसतो. तिस्स जवळ आलं की एकदाच विचारतो, "त्याचं माणूस वाचलं असेल ना हो, मास्तर?"